मल्लाप्पाने हाक मारली नाही

१२ फेब्रुवारी १९६२, सोमवार

नंदकिशोर फिटर म्हणाला, "रोज जे शिकशील ते रोज लिहून ठेव. या यंत्रापुढे विसरभोळा माणूस टिकत नाही." म्हणून ही वही घेतली. निपाणीला सातवीपर्यंत शिकलो, त्यानंतर हातात पेन्सिल आली ती खडीच्या गाड्यांच्या रेघा ओढण्यापुरती. अक्षर गिचमिड आहे. कुणाला दाखवायचं नाही, तेव्हा चालेल.

यंत्र म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत. लांब लोखंडी पातं, त्याच्या कडेने फिरणारी दातांची साखळी आणि मागे इंजिन. पेटी फोडली तेव्हा सगळी माणसं काम टाकून बघायला आली. यशवंतपूरच्या पलीकडे नीलगिरीचं मोठं बन आहे, तिथे सरकारी कारखाना होणार. बन सपाट करायचं काम आमच्या जयतीर्थ रावांकडे. राव म्हणाले, "देवाप्पा, तू आधी खडी फोडायच्या यंत्रावर होतास, इंजिन तुला ठाऊक. तू चालवायची. सरी?"

मीही सरी, म्हणजे बरं, म्हणालो. नाही म्हणायची सोय नव्हती. संध्याकाळी हातकरवतीच्या सहा जोड्यांना त्यांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. राहिलो मी आणि मल्लाप्पा. मल्लाप्पा माझ्या बायकोचा, चंद्राचा, थोरला भाऊ. चार वर्षं आम्ही एकाच करवतीची दोन टोकं ओढली. त्याने ओढायची, मी सोडायची. मी ओढायची, त्याने सोडायची. आता टोक एकच, आणि ते माझ्या हातात.

१४ फेब्रुवारी

नंदकिशोर आज रात्रीच्या गाडीने मुंबईला परत जातोय. त्याने सांगितलं ते विसरायच्या आत लिहितो.

करवत हातात लोंबती धरून सुरू करायची नाही. सपाट जमिनीवर ठेवायची, साखळीला गवतसुद्धा लागता कामा नये. उजवा पाय मागच्या मुठीवर दाबायचा, डाव्या हाताने पुढची मूठ धरायची, चोक ओढायचा आणि मग दोरी. दोरी आधी हळू ओढायची, अडल्यासारखी लागली की हिसका. बोटांना गुंडाळायची नाही, नाहीतर उलटा झटका बसून मनगट जाईल. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड. भरलं तिथेच सुरू करायची नाही, दहा पावलं लांब न्यायची. विडी तर नाहीच. चालताना इंजिन बंद, पातं मागे. खांद्याच्या वर करवत उचलायची नाही. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू द्यायचा नाही. लागला तर करवत उसळून थेट तोंडावर येते. हे त्याने तीनदा सांगितलं. त्याच्या हनुवटीवर जुना व्रण आहे. तो कशाचा, मी विचारलं नाही.

झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच, मग मागून काप. मध्ये दोन बोटं लाकूड राखायचं, त्यावर झाड दारासारखं फिरून खाली बसतं. पडता पडता दुसऱ्या झाडात अडकलं तर त्याच्या खाली जायचं नाही. कधीच नाही.

मल्लाप्पाने मागे उभं राहून शेंडा बघायचा. यंत्र चालू असेल तर लांब बांबूने माझ्या पाठीला टोचायचं, बंद असेल तर हाक मारायची.

कानात कापसाचे बोळे घाल, असंही नंदकिशोर म्हणाला. आज घालून पाहिले. दात लाकडात अडकायला लागले की इंजिनचा सूर आधी बदलतो, तोच कळेना. सूर कळला नाही तर करवत अंगावर येईल. काढून टाकले.

२० मार्च

आज मरायचाच. फांदीमागे दुसरी फांदी होती ती दिसली नाही. टोक लागलं आणि करवत उसळली. टोपीचा काठ कापून गेली. मी करवत खाली ठेवली, इंजिन बंद केलं आणि बसलो. मल्लाप्पाने पाणी दिलं, स्वतःही प्यायला. म्हणाला, "दाजी, चंद्राला सांगू नगा."

सांगितलं नाही. सकाळी दोरी ओढताना रोज वाटतं, सोडून द्यावी. सोडावी तर त्या सहा जोड्यांसारखं व्हायचं. त्यांतला एक जण परवा यशवंतपूरच्या ठेसनावर हमालीला दिसला. माझ्याकडे बघून त्याने तोंड फिरवलं.

वठारात, म्हणजे आमच्या चाळीत, घरी आलो तरी डोक्यात इंजिन चालूच असतं. जेवताना चंद्रा म्हणाली, "हळू बोला की, वठारातली सगळी ऐकालीत." मी हळूच बोलत होतो.

९ जून, शनिवार

घरात रातकिडा शिरलाय. चुलीमागच्या भिंतीत असावा. दिवे लागायच्या वेळेला सुरू होतो तो थांबत नाही. आज अर्धा दिवस सुट्टी होती. सगळी भांडी काढली, फटीत रॉकेल ओतलं, कोपऱ्यातली वीटसुद्धा काढून पाहिली. चंद्रा दारात उभी राहून बघत होती.

"मला काय बी ऐकू येत न्हाई," ती म्हणाली.

तिला पाचवा महिना आहे. या दिवसांत बायकांचे कान मंद होत असतील. शेजारच्या विठाबाईला बोलावलं. म्हातारीने भिंतीला कान लावला आणि नाही म्हणून मान हलवली. तिचं तर वयच झालं.

किडा सापडला नाही. आत्ता लिहितोय तरी ओरडतोय.

२६ ऑगस्ट, रविवार

बन अर्धं साफ झालं. दक्षिणेकडची बाजू आता इथून तिथून उघडी दिसते. एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. पहिल्या पहिल्यांदा सकाळी लॉरीतून उतरलो की पोपटांचा नुसता गलका असायचा. आता एक आवाज नाही. पोपट आहेत, उडताना दिसतात, पण गप्प. घर मोडलं की पाखरूसुद्धा मुकं होतं. मल्लाप्पाला हे सांगितलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला काहीतरी. तो हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतो. मी विचारायचं सोडून दिलंय.

थंड सकाळी बोटांची टोकं पांढरी पडतात. सदऱ्याचं बटण चंद्रा लावून देते.

९ ऑक्टोबर

मुलगी झाली. पहाटे, घरीच. विठाबाईने सुईण आणली होती. माझ्या आईचं नाव ठेवायचं ठरवलंय, भागू. मूठ एवढीशी, पण बोट धरलं की सोडत नाही. मी तिला घेतलं तेव्हा लाकडासारखे झालेले माझे हात तिला टोचतील असं वाटलं. टोचले नाहीत.

इतका आनंद मला झेपत नाही. सारखं वाटतं, ही आल्यावर आता आपल्याला काही होता कामा नये.

२८ ऑक्टोबर, रविवार

चीनशी लढाई चालू आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेडिओभोवती माणसांची ही गर्दी. मीही जाऊन उभा राहिलो. रेडिओ अगदीच टाकाऊ आहे, नुसती खरखर. तरी बाकीचे टक लावून ऐकत होते आणि मध्येच सगळे एकदम हळहळले. मी शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाला? तो कानडीत काहीतरी बोलला. मी मान हलवली.

भागू फार गुणाची पोर आहे. तीन आठवड्यांची झाली, रात्री एकदाही उठवलं नाही तिने. मी सकाळी चंद्राला तसं म्हणालो. तिचे डोळे लाल होते. ती हसली की रडली कळलं नाही, भाकरी थापायला लागली.

१८ नोव्हेंबर, रविवार

लढाईमुळे कारखान्याची घाई सुरू झालीय. राव म्हणतात वर्षाचं काम चार महिन्यांत हवं. दहा तास चालवतो. दुपारी भाकरी खायला इंजिन बंद करतो तेव्हा सगळं बन कापसात गुंडाळल्यासारखं वाटतं.

काल मल्लेश्वरमच्या चढावर लॉरीखाली जात होतो. हॉर्न न वाजवता अंगावर आला हरामखोर. वर खिडकीतून बाहेर वाकून मलाच शिव्या देत होता. आजूबाजूची माणसंही त्याच्याच बाजूने. या गावात बाहेरच्या माणसाला कुणी नाही.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालंय. मल्लाप्पा रविवारी घरी येतो. पूर्वी तो माझ्याशी बोलायचा, आता तो आणि चंद्रा चुलीपाशी बसून कुजबुजतात. मी आत गेलो की थांबतात. आज ओठांवरून एक शब्द कळला. निपाणी. तिला आणि पोरीला तो माहेरी न्यायच्या विचारात आहे का? मी काय केलं? दारू पीत नाही, हात उगारत नाही.

१४ जानेवारी १९६३, सोमवार

संक्रांत. चंद्राने माझ्या हातावर एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, ठेवलं आणि खाली बघत काहीतरी पुटपुटली. वर्षाच्या सणालासुद्धा मोकळ्या तोंडाने गोड बोलवत नाही.

विठाबाई तर माझ्याशी बोलायची म्हणजे भांडल्यासारखी ओरडते. म्हातारीने नाकासमोर बोट नाचवून दमदाटी करावी असं मी काय केलंय?

संध्याकाळी मल्लाप्पा मला बाहेर घेऊन गेला. पाराजवळ थांबला, माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि मोठ्याने म्हणाला, "दाजी, एकदा दवाखान्यात चला. मी येतो संगं."

"दवाखान्यात कशाला?"

त्याने डोक्याच्या बाजूला बोट नेलं.

म्हणजे मी वेडा. दोघांचं हेच ठरलंय. नवरा वेडा ठरवला की बायकोला माहेरी न्यायला कुणी अडवत नाही. मी त्याचे हात झटकले. म्हणालो, "तू माझ्या बायकोचे कान भरतोस ते मला कळत नाही असं समजू नको. मशीन माझ्या हातात आली हे तुला पहिल्या दिवसापासून खुपतंय."

मग त्याने हात जोडले आणि गेला.

मी पाराजवळ बसून राहिलो. तो म्हणाला ते खोटं असेल तर मला इतकी भीती का वाटतेय?

१५ फेब्रुवारी

महिना झाला, मल्लाप्पा कामापुरतं बोलतो. बोलतो म्हणजे हाताने खुणा करतो. बांबूने टोचतो ते मात्र वेळेवर. रविवारी घरी येत नाही. चंद्रा काही म्हणत नाही. घरात तीन माणसं आणि एक रातकिडा, त्यांत किडाच तेवढा बोलतो.

६ मार्च

मल्लाप्पाचा पाय गेला. मला लिहवत नाही.

७ मार्च

लिहायला हवं. उद्या राव जबाब घेणार आहेत.

चिंचेजवळची मोठी नीलगिरी होती. खाच घातली, मागचा काप घेतला. झाड कलंडलं पण वाऱ्याने फिरलं आणि चिंचेच्या फांद्यांत अडकलं. मी इंजिन बंद केलं. करवत लांब ठेवली. बुंधा खुंटावरून सुटला आहे की नाही ते बघायला पुढे गेलो. खाली जायचं नाही हे मला माहीत आहे. वहीत पहिल्याच आठवड्यात लिहिलंय. पण त्या दिवशीची सहा झाडं बाकी होती, आणि मी एवढंच म्हणालो, कडेने बघून येतो.

वाकून बघत होतो. सगळं शांत होतं. मग एकदम कुणीतरी कंबरेत धडक दिली आणि मी तोंडावर पडलो. मागे जमीन हादरली. वळून पाहिलं तर जिथे मी उभा होतो तिथे बुंधा, आणि बुंध्याखाली मल्लाप्पाचा उजवा पाय, मांडीपर्यंत.

त्याचं तोंड उघडं होतं. काही बायका पाटी टाकून धावत येत होत्या.

करवत मीच सुरू केली. जमिनीवर ठेवली, पाय दाबला, दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला लागली. त्याच्या पायापासून हातभर अंतरावर बुंधा कापायचा होता. पातं आधी लाकडावर टेकवलं, मग साखळी फिरवली. दोघांनी खालून पाचर मारून धरली. इतका नीट काप मी आयुष्यात घेतला नसेल. पाय काढला तेव्हा तो पायासारखा दिसत नव्हता.

त्याने माझा जीव वाचवला. हे खरं आहे. पण दुसरंही खरं आहे. इंजिन बंद होतं. पान पडलं तर ऐकू यावं इतकी शांतता होती. तो मागे उभा होता, शेंडा बघणं त्याचं काम. त्याने एक हाक मारली असती तर मी बाजूला झालो असतो आणि तोही उभा असता. महिनाभर अबोला धरून त्याची जीभ इतकी जड झाली का, की अशा वेळेलाही उघडली नाही?

८ मार्च

जबाब दिला. कारकुनाने कानडीत लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. मी मान हलवली. रावांनी समोर बसून एकच गोष्ट दोनदा विचारली, ती त्यांच्या ओठांवर माझी नजर होती म्हणून लगेच कळली. "हाक मारली का?"

"नाही. मल्लाप्पाने हाक मारली नाही."

सही केली.

१२ मार्च

रावांनी मल्लाप्पाचं नाव हजेरीपटावरून काढलं. कामात कसूर, असा शेरा आहे. कसूर म्हटल्यावर कारखान्याकडून काही मिळायचं नाही. सरकारी दवाखान्यात त्याच्या पायाला वजन बांधून टांगलंय. डॉक्टर म्हणतात पाय राहील की नाही ते महिन्याने कळेल. निपाणीला त्याची बायको आहे, म्हातारा बाप आहे.

मी खोटं बोललो नाही. हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवतो. खोटं बोललो नाही, मग डबा रोज भरलेलाच का परत येतो?

चंद्राला जबाबाचं कळलं. ती माझ्यासमोर येऊन बसली, पोर मांडीवर. बराच वेळ बोलली. मी म्हणालो, "मोठ्याने बोल, तोंडातल्या तोंडात बोलू नको." तशी ती उठली. तेव्हापासून तिचे ओठ हललेले नाहीत. आज मला कळलं की गप्प बसणं आणि हळू बोलणं यात फरक असतो.

१७ मार्च, रविवार

चंद्रा भावाला डबा घेऊन दवाखान्यात गेली. पोर झोपली होती. विठाबाईकडे ठेवणार होती, मीच म्हणालो, राहू दे, मी आहे ना. मला तेवढं तरी करायचं होतं.

मी दाराशी उजेडाला बसून साखळीचे दात कानसीने घासत होतो. उद्या लागणार होते. पोर मागे पाळण्यात. एक दात, दुसरा दात. घरात शांत होतं. किडा सोडला तर काहीच नाही. मनात म्हणालो, केवढी शहाणी पोर आहे, आईवाचून तासभर झोपली.

पायाखालची फरशी हादरल्यासारखी वाटली म्हणून वर पाहिलं. विठाबाई दारात होती, हाताच्या मुठी करून माझ्याच दाराची चौकट बडवत होती. तिच्यामागे वठारातल्या चार बायका. विठाबाई मला ढकलून आत घुसली. मी वळलो.

पाळण्याच्या कडेला भागूची एक तंगडी दोरीत अडकून लोंबत होती. तोंड लालबुंद, गाल ओले, कपाळावरच्या शिरा ताठलेल्या. तोंड एवढं उघडं की घसा दिसत होता. ती सगळ्या जिवानिशी रडत होती.

आवाज नव्हता.

मी जवळ गेलो. तिच्या तोंडाशी कान नेला. तेव्हा कुठे, एखाद्या विहिरीच्या तळातून यावा तसा, एक बारीक धागा. आणि त्याच्या वर, किड्याचा आवाज.

भिंतीत किडा नव्हता कधीच.

विठाबाईने पाय सोडवला, पोरीला खांद्यावर घेतलं. मग माझ्याकडे बघून ओरडली. आज पहिल्यांदा मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती भांडत नव्हती. तिचे डोळे भरले होते. "कवापासून रडालती रं, बाबा! आम्हाला पलीकडच्या गल्लीत ऐकू आलं!"

चंद्रा संध्याकाळी आली. तिला सांगितलं. म्हणालो, "तुला ठाऊक होतं?"

तिने माझ्यासमोर बसून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "पावसाळ्यापास्नं. अण्णा म्हनला, दाजींना म्हनलं तर काम जाईल म्हनून चिडतील, आपन हळूहळू सांगू. निपाणीला कानाचा एक वैद्य हाय, तितं न्यायचं ठरवलं हुतं तुमास्नी."

रात्री पोर किती वेळा उठते ते विचारलं. तिने चार बोटं दाखवली, मग हात हलवला, म्हणजे कधी जास्तही.

पाच महिने.

१८ मार्च

सकाळी दोरीला हात लावायच्या आधी रावांकडे गेलो. ते तंबूत कागद बघत होते.

"राव, माझा जबाब चुकीचा आहे. मला ऐकू येत नाही."

ते खो खो हसल्यासारखे दिसले. मी हललो नाही तेव्हा थांबले. खुर्चीतून उठले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे थोडे वर झाले, खाली आले. मग वळले.

"काय म्हणालो?"

"ठाऊक नाही."

त्यांनी चंपाला बोलावलं. ती फांद्या गोळा करायला असते, त्या दिवशी सगळ्यांत आधी तीच पोचली होती. ती पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. कारकुनाने विचारलं. ती माझ्याकडे बघून बोलायला लागली, बहुतेक माझ्यासाठीच, सावकाश. मल्लाप्पाने हाक मारली. ती विहिरीपाशी होती, तिथपर्यंत ऐकू गेली. चारदा मारली. पहिल्या दोन हाका नेहमीसारख्या. मग ओरडला. मग पळत सुटला.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?" रावांनी तिला विचारलं.

"मला कुनी इचारलं?" चंपा म्हणाली.

रावांनी पेन टेबलावर ठेवलं. मग माझ्यासमोर आले, तोंड माझ्या तोंडासमोर. "हे मी लिहून पाठवलं की मल्लाप्पाचं नाव परत लागेल. दवाखान्याचं कारखान्याला बघावं लागेल. पण बहिऱ्या माणसाच्या हातात ही मशीन दिली म्हणून मला बोलणी खावी लागतील, आणि तू उद्यापासून इथे नाहीस. कळलं?"

"कळलं. लिहा."

लिहिलं. या वेळी मी वाचून दाखवू दिलं नाही. चंपाबरोबर तिची शाळेत जाणारी मुलगी होती, तिला कानडी वाचता येतं, तिने एकेक शब्दावर बोट ठेवून मला मराठीत सांगितलं. मग सही केली.

करवत पुसली, पेट्रोल काढून टाकलं, प्लग सोडवून ठेवला. नवीन माणूस येईल त्याला चुकूनसुद्धा लागू नये. बाहेर पडलो तेव्हा पोपटांचा एक थवा डोक्यावरून गेला. चोची उघडझाप करत होत्या. मी थांबून बघितलं.

२४ मार्च, रविवार

आठवडाभर दवाखान्याच्या फाटकापर्यंत जात होतो आणि परत येत होतो. लाकडं वाहायचं काम एका वखारीत मिळालंय, कान नसले तरी चालतं तिथे. पण फाटक ओलांडायला पाय होत नव्हता. आज चंद्राने पोर माझ्या हातात दिली आणि स्वतः पुढे चालू लागली. पोरीला घेऊन तिच्या मागे जाण्यावाचून इलाज नव्हता.

मल्लाप्पा उताणा होता. पाय दोरीने वर टांगलेला, दोरीच्या टोकाला विटा. अठरा दिवसांत अठरा वर्षं उलटावीत इतका म्हातारा दिसत होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं नाही. तेवढ्यानेच माझा धीर सुटला.

स्टुलावर बसलो. पाठ करून आलेलं सगळं विसरलो.

"अण्णा, मी तुझ्यावर खोटी सही केली. खोटी आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक करून घेता आलं असतं. तू सांगत होतास. मी ऐकलं नाही. ऐकू येत होतं तेव्हाही ऐकलं नाही."

तो छताकडे बघत राहिला. चंद्रा पलीकडे उभी होती, तिनेही मध्ये पडायचं नाही असं ठरवलेलं दिसलं.

"चंपाने सांगितलं सगळं," मी म्हणालो. "चारदा हाक मारलीस तू मला."

त्याचे ओठ हलले.

वर्षभर अशा वेळी मी मान हलवत आलो होतो. आजही मान हलायला निघाली होती. मी ती धरली. "मला ऐकू आलं नाही, अण्णा. माझ्याकडे बघून पुन्हा सांग."

हे वाक्य तोंडातून काढताना त्या बुंध्याखालून पाय काढल्यासारखं झालं. मल्लाप्पाने मान माझ्याकडे वळवली. चादरीखालून हात काढला, माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि पाचही बोटं पसरली.

"पाच," तो म्हणाला. ओठांवरून स्वच्छ कळलं. "पाचवी तुमच्या पाठीमागं येऊन मारली, दाजी. एवढ्या जवळनं." आणि त्याने वीतभर अंतर दाखवलं.